पिठाच्या पोत्याची छत्री

आकाशातून उडी मारायला शिकणार, असं मी जिनिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगून टाकलं, तेव्हा माझाच त्यावर नीट विश्वास बसलेला नव्हता. सांगणं आधी झालं, विचार नंतर. माझ्या बऱ्याच गोष्टी अशा उलट्या क्रमानं झाल्या आहेत, लग्नसुद्धा त्यातच धरा.

निजामाचं राज्य जाऊन थोडी वर्षं झाली होती. जालन्यात कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये मी कारकून होतो. कापसाच्या गाड्या यायच्या, माल काट्यावर चढायचा, मी वजन पुकारायचो. त्या हंगामात गावाबाहेरच्या मैदानावर एक माणूस आला. लढाईच्या काळात तो फौजेत होता आणि ब्रह्मदेशात त्यानं विमानातून उड्या मारल्या होत्या. फौज सुटल्यावर त्यानं बाजाराच्या गावांतून स्वतःचा खेळ लावला होता. मांजरपाटाचा घराएवढा फुगा, त्याच्या तोंडाखाली चर, चरात पऱ्हाट्यांची, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांची, आग. धुरानं फुगा भरला की हा खालच्या दांडीवर बसून वर जायचा आणि तिथून उडी टाकून छत्रीनं खाली यायचा. पॅराशूट हा शब्द आम्हाला माहीत होता, पण सगळे छत्रीच म्हणायचे. आणि त्याला म्हणायचे उस्ताद.

उस्ताद खाली आले त्या दिवशी आमचे शेठ गादीवरून उठून अंगणात आले होते आणि कपाळावर हात धरून वर बघत होते. शेठ कुणासाठी मान वर करत नसत. मी त्यांच्यासमोर वर्षानुवर्षं घसा फोडून वजनं पुकारली, पण त्यांनी माझ्याकडे धड बघितल्याचं मला आठवत नाही. मला उस्तादांचा भयंकर हेवा वाटला. तो उडीचा नव्हता, वर बघणाऱ्या मानांचा होता. हे आज कळतं. तेव्हा मला वाटलं, आपल्याला उडीच मारायची आहे.

उस्तादांचा गुडघा गेलेला होता आणि त्यांना आपल्या जागी उभा करायला कुणीतरी हवा होता. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"हलका है तू," ते म्हणाले. "डर लगताय?"

"न्हाई."

"फिर तो मुश्किल है. डर लगना मंगता."

मला भीती वाटत होती, म्हणून मी नाही म्हणालो होतो. आता हो म्हणावं तर आधीचं खोटं ठरणार. तसंच माझं शिक्षण सुरू झालं.

शिक्षण म्हणजे संध्याकाळी जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाठींच्या थप्पीवर चढायचं आणि खाली उडी मारायची. पाय जोडून ठेव, ते सांगायचे. मी जोडले की ओरडायचे, एवढे घट्ट नको, मोडतील. ढिले सोडले की म्हणायचे, लटकतोस काय, बकरा आहेस का. जमिनीकडे बघू नको. मग कुठे बघू? सामने. समोर शेठची खिडकी होती. अंग कडक पण नको, नरम पण नको. मी विचारलं, म्हणजे नेमकं कसं? उस्ताद म्हणाले, जैसा होना वैसा. वर आमच्या लोकांचे सल्ले निराळेच. मुनीम म्हणाले, उडी मारताना श्वास धरून ठेवायचा. पहारेकरी म्हणाला, मारुतीचं नाव मोठ्यानं घ्यायचं. नाव मोठ्यानं घ्यायचं तर श्वास कसा धरायचा, हे दोघांनी आपसात ठरवून सांगा म्हणालो, तर दोघंही माझ्यावरच रागावले.

घरी बायको होती. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. ती कुंभार पिंपळगावची, बोलायला कमी आणि विचारायला नेमकी. मी तिला उडीचं सांगितलं, तेव्हा ती भाकरी थापत होती. जाऊ नका म्हणाली नाही, जा असंही म्हणाली नाही.

"वर किती येळ ऱ्हायचं?" एवढंच विचारलं.

"फार न्हाई."

"अन् खाली कुठं येणार?"

"ते वाऱ्यावर."

"बरं," म्हणाली आणि भाकरी उलटली. मला ते 'बरं' काही केल्या समजेना. ती रडली असती तर समजूत काढता आली असती, भांडली असती तर मलाही भांडता आलं असतं. मी दोन्हींची तयारी करून बसलो होतो. ती वाया गेली आणि मला उगाचच तिचा राग आला.

उस्तादांचा एक नियम होता. दुसऱ्याच्या छत्रीवर कुणी उडी मारायची नाही. ज्याची त्याची छत्री, ज्यानं त्यानं विकत घ्यायची, ज्यानं त्यानं सांभाळायची. तेव्हा फौजेचा मोडीत काढलेला माल गावोगाव विकायला येत होता. जालन्यातही एका मारवाडी शेठजींच्या दुकानात बूट, पाण्याच्या बाटल्या, तंबू असं सगळं दारापासून मागच्या भिंतीपर्यंत रचलेलं होतं. माणूस गोड. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, कापडाच्या धंद्यातलं. छत्री हे त्यांच्या लेखी कापडच होतं.

"पांढरी आहे, लाल आहे," ते म्हणाले. "बघा, हात लावून बघा."

"फरक काय दोन्हींत?"

"रंगाचा."

"तसं न्हाई, उडी मारायला कोणती?"

शेठजींनी क्षणभर विचार केला. "पांढरी मळते," ते म्हणाले.

तरी मी पांढरीच उघडायला लावली, कारण उस्तादांची पांढरी होती. उघडली तर मधले काही पट्टे गायब. गिऱ्हाइकाला नमुना कापून द्यायची कापडवाल्यांची रीत. तशी शेठजींनी इमानदारीनं ज्यांनी मागितला त्यांना त्यांना नमुना दिला होता, आणि भोकांच्या कडा उसवू नयेत म्हणून व्यवस्थित दुमडून शिवूनही घेतल्या होत्या. लाल मात्र अखंड होती. लाल रंगाचं परकराला कुणी घेत नाही, धुताना रंग जातो, असं त्यांनी आपणहून सांगितलं. मी लाल घेतली. पट्टे, कड्या, सगळं तिच्याबरोबर आलं. गठ्ठा डोक्यावर घेऊन बाजारातून येताना मला फार थोर वाटत होतं.

उस्तादांनी ती बघितली आणि खाली बसून हसले.

"मियाँ, ये आटे की छतरी है. जंगल में फौज को आटा फेंकते थे इससे. आदमी की सफेद रहती, माल की रंगवाली."

मी तसाच गठ्ठा घेऊन परत दुकानात गेलो. शेठजींनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "पीठ फुटलं तर फौज उपाशी मरते. माणसापेक्षा पिठाची काळजी जास्त घेतात, बाबूजी. मी तर म्हणतो, लालच चांगली." मला ते पटलं. परत येऊन उस्तादांना सांगितलं. तेही बराच वेळ दाढी खाजवून म्हणाले, "बात तो बराबर है." आता चांगली छत्री घेतली की वाईट, हे मला कुणीच सांगू शकत नव्हतं.

शेवटी पोत्यावर खात्री करायचं ठरलं. जिनिंगच्या काट्यावर एका पारड्यात मी बसलो, दुसऱ्यात सरकीचं पोतं. माझ्यापेक्षा ते किंचित जडच होतं. जे पोतं सुखरूप उतरेल, त्यापेक्षा मी हलका, म्हणजे मीही उतरेन, असा हिशेब. छत्रीच्या दोऱ्या लांब-आखूड होत्या, त्या उस्तादांनी कापून बराबर केल्या. बायकोनं उरलेले तुकडे उचलून नेले आणि अंगणात कपडे वाळत घालायला त्यांची दोरी केली. फौजेची दोरी, तुटता तुटत नव्हती.

पोत्याच्या उडीला ती माझी भाकरी घेऊन मैदानावर आली होती. तिच्यादेखत उस्तादांनी मला कच्च्या दोऱ्याचं काम समजावलं. छत्री घडी करून पाठीवर घ्यायची नव्हती. ती फुग्याच्या बाजूला लांब सोडलेली असायची, तिचा शेंडा फुग्याच्या तोंडाशी बांधलेला, आणि बांधायचा तो फक्त कच्च्या सुतानं. माणूस दांडीवरून सुटला की त्याच्या वजनानं सूत तुटतं, छत्री फुग्यापासून वेगळी होते आणि खाली येता येता उघडते. दोरा ज्याचा त्यानं बांधायचा. वर जायच्या आधी उस्ताद स्वतः ओढून बघणार.

"अन् न्हाई तुटला तर?" बायकोनं विचारलं. उस्तादांशी ती पहिल्यांदाच बोलत होती.

"टूटता, बेटी. टूटनाच उसका काम है."

"तरी बी. न्हाई तुटला तर?"

"तो फिर गुब्बारे के साथ लटकेगा, और गुब्बारा ठंडा होके आयेगा तो उसके साथ आयेगा."

पोतं वर गेलं, खालून ओढलेल्या दोरीनं दांडीवरून सुटलं, लाल छत्री उघडली आणि ते डुलत डुलत खाली आलं. जमिनीला टेकताना एका बाजूनं उसवलं आणि थोडी सरकी सांडली. मी उस्तादांकडे बघितलं.

"पोते को घुटने नहीं रहते," ते म्हणाले.

दसऱ्याला भोकरदनला खेळ लावायचं ठरलं. तोवर जालन्यात माझं नाव झालं होतं. चहावाला मला आधी चहा द्यायचा. जिनिंगच्या शेठनी एकदा थांबून विचारलं, "तूच का तो?" मी हो म्हणालो. माघार घ्यायची वाट त्या दिवशी बंद झाली. रोज सकाळी उठलो की वाटायचं, आज सांगून टाकावं, मला नाही मारायची. आणि कामावर गेलो की कुणीतरी पाठीवर थाप मारायचं.

आदल्या दिवशी खंडेनवमी. ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा करायची. आमच्या घरी दरवर्षी विळी, कुऱ्हाड, माझा टाक एवढंच असायचं. यंदा पाटावर लाल छत्री. मी शेंड्याला कच्चा दोरा बांधला, छत्री पाटावर ठेवली आणि जिनिंगमधल्या पूजेला गेलो. परत आलो तेव्हा बायकोची पूजा झाली होती. कडेकडेनं हळद-कुंकू, वर झेंडूची फुलं, आणि शेंड्याचा दोरा हळदीनं पिवळाधमक. मला बरं वाटलं. काही न बोलता एवढं केलं, म्हणजे तिचं मन राजी आहे, असा मी अर्थ लावला.

भोकरदनला आम्ही जिनिंगच्या ट्रकमधून गेलो. बायकोही आली. माणूस म्हणाल तर डोळ्यांत मावत नव्हतं. चर पेटला, धूर भरला, फुगा दोन बांबूंच्या मध्ये उभा राहून डुलायला लागला. उस्तादांनी माझे पट्टे तपासले, कड्या तपासल्या. मग शेंड्याशी गेले. दोरा ओढायला हात घातला आणि तो हळदीचा बघून थांबले. पूजेचा दोरा. त्याला त्यांनी दोन बोटं लावली, ती कपाळाला लावली आणि मागे सरले. माझ्यासमोर झालं हे सगळं, आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. हळद लागलेल्या वस्तूला हिसका कोण मारणार?

फुगा धरून ठेवलेल्या दोऱ्या सोडल्या. मला पळायला सांगितलं होतं, पण पळायला पायांखाली जमीनच राहिली नाही. आवाज एकदम खाली गेला. भोकरदनची घरं, देवळाचा कळस, मग नुसती शेतं. वर फार शांत होतं आणि पऱ्हाट्यांच्या धुराचा वास येत होता. खाली माणसं माना वर करून बघत असतील, हे मला ठाऊक होतं. पण मला एकाचंही तोंड दिसत नव्हतं. ज्यासाठी एवढा आटापिटा केला, ते वरून दिसतच नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आता उडी कशासाठी मारायची, ते मला आठवेना.

तरी मारली. खालून उस्तादांनी निशाण हलवलं आणि मी दांडी सोडली. मग एक जबरदस्त हिसका बसला आणि मी थांबलो. वर बघितलं. छत्री उघडली नव्हती. तिची लाल वळकटी होऊन लोंबत होती, तिच्यावर फुगा, तिच्याखाली मी. दोरा तुटला नव्हता. मला वाटलं, मी घाबरून ओरडणार. पण माझ्या तोंडून निघालं, "बरं झालं." मोठ्यानं निघालं. हे कोण बोललं, असं मला वाटलं, आणि तिथं दुसरं कुणी नव्हतं.

फुगा निवत गेला तसे आम्ही खाली यायला लागलो, आधी हळू, मग बऱ्यापैकी जोरात. एका कापसाच्या वावरात मी पडलो. घोटा मुरगळला, तोंड खरचटलं, वरून मांजरपाट अंगावर आलं. त्यातून बाहेर निघालो तर समोर एक म्हातारा खुरपं घेऊन उभा.

"कुठून आल्ते?" त्यानं विचारलं.

"जालन्याहून."

त्यानं वर बघितलं, मोडलेल्या कापसाकडे बघितलं. "सडकंनं यायचं ना मंग," म्हणाला.

थोड्या वेळानं उस्ताद, बायको, जिनिंगची माणसं बैलगाडीतून आली. उस्ताद माझ्याकडे न येता सरळ छत्रीच्या शेंड्याकडे गेले. दोरा हातात धरून नखानं खरवडला. वरचं हळदीचं सूत सुटलं आणि आत छत्रीचीच दोरी निघाली, कपडे वाळत घालायची. उस्तादांचा चेहरा पांढरा पडला.

"हवा का एक झोंका आता तो गुब्बारा उलटता," ते म्हणाले. "धुआँ निकल जाता, और छतरी उसीको बंधी हुई, खुलने का नाम नहीं. पत्थर के माफिक गिरता था तू. ये किसने किया?"

मी घाईनं म्हणालो, "उस्ताद, तिला काय ठाऊक. कच्चा दोरा बघून पक्का बांधला असंल. बायकांचं मन."

"मला ठाऊक होतं," बायको म्हणाली.

म्हातारा खुरपं घेऊन तसाच उभा होता. उस्तादांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि ते फुगा गुंडाळायला लागले.

परतताना ट्रकमध्ये बाकीचे पुढच्या बाजूला बसले. आम्हाला त्यांनी मागे मोकळी जागा सोडली होती. मला संताप आला होता, आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपावंसंही वाटत होतं. यातलं आधी काय करावं, ते ठरेना.

"जाऊ नका म्हणायचं होतं," मी म्हणालो.

"म्हणले असते तर तुमी थांबले असते. अन् मंग जल्मभर माझ्यापुढं तोंड पाडून बसले असते, हिच्यापायी ऱ्हायलं म्हणून. तुमाला वर जायचं होतं, गेले. मला तुमी खाली पायजे होते." तिचा आवाज फुटला. "उस्ताद म्हणले ते खरं का वो? मरून गेले असते का?"

"खरं."

तिनं पदर तोंडात कोंबला आणि रडली. मी तिला इतकं रडताना कधी बघितलं नव्हतं. माझा राग कुठे गेला ते मला कळलंच नाही. राजूरच्या अलीकडे ट्रक थांबला, पुन्हा निघाला, तेव्हा तिनं तोंड पुसलं.

"पुढच्या बाजाराला कच्चाच बांधा," ती म्हणाली. "म्या हात न्हाई लावणार. तुमी मारा उडी."

इतके महिने मला जे तिच्या तोंडून ऐकायचं होतं, ते हेच. आता ते माझ्या मांडीवर येऊन पडलं आणि मला ते उचलवेना. वर माझ्या तोंडून काय निघालं होतं, ते मला एकट्यालाच ठाऊक होतं, आणि ते तसंच गिळून टाकता आलं असतं.

"मला न्हाई मारायची," मी म्हणालो. "दोरा तुटला न्हाई तेव्हा मला बरं वाटलं. मला पहिल्यापास्नंच न्हाई मारायची."

तिनं माझ्याकडे बघितलं. वाटलं, आता हसेल. पण तिचे डोळे पुन्हा भरून आले.

"मंग हे सांगायला इतकं वर कामून गेल्ते?" ती म्हणाली. "म्या घरीच होते की."